खाणीच्या गाळातला सोमल आणि अठरा तासांची टेस्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्नाटकातल्या कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यांमधून पुन्हा सोनं काढणार, यावर तुमच्या पेपरात आलेला लेख वाचला. तेव्हाच लिहायचं होतं, पण घरात रंगकाम काढलं होतं त्यामुळे राहून गेलं. आमच्या ऐरोलीच्या सकाळच्या कट्ट्यावर मात्र त्यावर चांगला आठवडाभर काथ्याकूट चालला होता. कुणी सोन्याचा भाव काढला, कुणी म्हणालं शंभर वर्षं पडून असलेली माती ती, फुकटात सोनं मिळतंय तर काढा की, कुणाचं काय जातंय. मी आर्सेनिकचं, म्हणजे सोमलातल्या विषाचं, नाव काढलं तर एक काका म्हणाले, "अहो टेस्ट करतातच ना, पास झाल्याशिवाय थोडीच सोडतात." त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहितेय, कारण ती टेस्ट करणाऱ्यांपैकी मी एक होते. रबाळे-महापेच्या पट्ट्यात एका टेस्टिंग लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली, पाणी, गाळ, राख, कारखान्यांचा चिखल, जे येईल ते तपासलं.

आधी तो ढिगारा म्हणजे काय ते सांगते. सोन्याच्या खाणीत एक टन दगड फोडला तर त्यातून सोनं निघतं काही ग्रॅम. बाकी सगळा दगड दळून, पार पिठासारखा बारीक करून, पाण्यातून बाहेर सोडतात आणि तो साठत साठत डोंगर होतो, त्याला टेलिंग्ज म्हणतात. कोलारला लोक सायनाइडचे डोंगर म्हणतात कारण सोनं सायनाइडने काढायचे. तिथली खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, मागे असे 13 ढिगारे राहिले, सुमारे तीन कोटी तीस लाख टन, आणि ते परत उकरायला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये होकार दिला. आता सोन्याच्या बऱ्याच खाणींमध्ये सोन्याच्या सोबतीला एक चकचकीत राखाडी खनिज असतं, आर्सेनोपायराइट, म्हणजे लोखंड, आर्सेनिक आणि गंधक. वजनाने जवळजवळ 46 टक्के आर्सेनिकच. हातोडीने ठोकलं की लसणाचा वास येतो, मी घेतलाय तो वास, एकदा घेतला की विसरत नाही. आपल्या पारसिकच्या काळ्या दगडात हे असलं काही नाही, तिथे क्वारीवाल्यांच्या धुळीचा त्रास आहे तो वेगळा. कोलारमध्येही सगळीकडे सारखं नाही, चॅम्पियन नावाची मुख्य शीर क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, आणि पश्चिमेकडच्या शिरा गंधकाच्या खनिजांच्या, त्यामुळे ढिगारा बदलला की आतला मालही बदलणार. सगळे ढिगारे एकाच मापाने मोजायचे नाहीत एवढं तरी त्यातून घ्या.

दगड जमिनीखाली अख्खा असतो तोवर हे खनिज झोपलेलं असतं. त्याचं पीठ केलं, हवा आणि पाणी लागलं की गंजायला लागतं. गंधकाचं ॲसिड होतं, लोखंडाचा गंज होतो आणि आर्सेनिक सुटतं. पण सुटलं की लगेच वाहून जातं असं नाही, तो तांबूस गंज आर्सेनिकला धरून ठेवतो, आणि घट्ट धरतो. बांगलादेश-नेपाळमध्ये खिळे आणि लोखंडाचा कीस वापरून पाण्याचे फिल्टर करतात ते ह्याच जोरावर. म्हणजे ढिगारा जुना झाला, वरून लालसर-पिवळा दिसायला लागला, की त्यातलं बरंचसं आर्सेनिक गंजाला चिकटून बसलेलं असतं. इथपर्यंत सगळं ठीक आहे. गोची अशी की तो गंज कायमचा नाही.

हे बघायला कोलारला जायची गरज नाही हो, ऐरोलीच्या खाडीवर ओहोटीला जा. वरचा चिखल तपकिरी, आणि पाय जरा घोट्यापर्यंत गेला की खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. लोकलने वाशीचा पूल ओलांडताना तो वास ओळखीचा आहे सगळ्यांना. खेकड्याचं बीळ नीट बघा, काळ्या चिखलात बिळाच्या कडेने तपकिरी कडं दिसतं, कारण तेवढ्याच वाटेने हवा आत जाते. चिखल तोच, लोखंड तेच, हवा पोचते तिथे गंज आणि पोचत नाही तिथे गंज विरघळलेला. तो विरघळवण्याचं काम जीवाणू करतात, ऑक्सिजन संपला की ते गंजावर गुजराण करतात. आता विचार करा, त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असेल तर गंज गेल्यावर ते कुठे जाणार, पाण्यातच ना. शिवाय बिनहवेच्या जागेत त्याचं रूपही बदलतं, जास्त विषारी आणि सहसा जास्त सहज वाहणारं होतं. बंगालमध्ये ट्यूबवेलच्या पाण्यात आर्सेनिक आलं तेही मुख्यतः ह्याच रस्त्याने, तिथे तर खाणीचा संबंधही नाही, गंगेने आणलेला गाळ होता नुसता.

दुसरी गंमत चुन्याची. कारखान्याचं ॲसिडचं पाणी आलं की चुना टाका, हा आमच्या लाइनमधला रामबाण. तांबं, जस्त, शिसं बहुतेक खाली बसतात, पाणी नितळ होतं, पार्टी खूश. आर्सेनिकचं उलट आहे. ते पाण्यात बाकीच्या धातूंसारखं वागत नाही, त्याच्यावरचा भार ऋण असतो, आणि पीएच (जितका जास्त तितकं पाणी अल्कली) आठ-नऊच्या वर गेला की गंजाच्या पृष्ठभागावरचा भारही ऋण होतो, मग दोघं एकमेकांना ढकलतात आणि धरलेलं आर्सेनिक सुटायला लागतं. म्हणजे ॲसिड मारलं, पाणी आरशासारखं, आणि आर्सेनिक जास्त! पूर्वी भरपूर चुना ओतून त्याच्याबरोबर आर्सेनिक बसवून तो साका तळ्यात टाकून द्यायचे, नंतर कळलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याला हळूहळू आपल्याकडे ओढतो आणि आर्सेनिक पुन्हा मोकळं. आता सायनाइडने सोनं काढायचं तर पीएच साडेदहाच्या आसपास ठेवावाच लागतो, नाहीतर सायनाइडचा विषारी वायू सुटतो. म्हणजे जुना गंजलेला ढिगारा उकरून परत सायनाइडच्या टाकीत घातला तर शंभर वर्षं चिकटून बसलेलं जे आहे त्यातलं काही चुन्याच्या पाण्यात येऊ शकतं. ते पाणी पुढे कुठे आणि कसं ठेवणार, हा प्रश्न सोन्याच्या आकड्याआधी विचारायला हवा होता, लेखात तो नव्हता, राग नाही, पण नव्हता.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका खाणीच्या गाळाची सॅम्पलं आमच्याकडे आली होती. ढिगाऱ्यावर झाडं लावायची होती, त्यामुळे एक सॅम्पल नुसत्या गाळाचं आणि एक गाळात कंपोस्ट मिसळलेलं. गाळ कसा तर रांगोळीपेक्षा बारीक, विटकरी रंगाचा, बोटाला लागला की धुतला तरी नखात राहायचा. आम्ही टीसीएलपी केली, म्हणजे मालातून विष किती पाझरतं ते बघायची टेस्ट. ही टेस्ट म्हणजे 100 ग्रॅम माल, 2 लिटर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड, बाटली फिरत्या मशीनवर 18 तास, मग गाळून आर्सेनिक मोजायचं. मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम. दोन्ही पास, आरामात पास. रिपोर्ट गेला, बिल गेलं.

उरलेला माल पाण्यासकट दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत झाकण लावून खालच्या फळीवर राहिला, खरं तर फेकायला हवा होता पण पावसाळ्यात कामाची झुंबड, कुणाला आठवण राहिली नाही. दिवाळीनंतर साफसफाई करताना मी बाटल्या काढल्या. नुसत्या गाळाची होती तशीच, विटकरी. कंपोस्टवाली काळी-राखाडी झालेली, बाटली फुगलेली, झाकण सैल केलं तर फस्स करून वास, तोच, वाशीच्या पुलाचा. उत्सुकता म्हणून दोन्हींचं वरचं पाणी गाळून मशीनवर चढवलं. नुसत्या गाळाच्या पाण्यात जेमतेम काहीतरी होतं. काळ्या बाटलीचं पाणी रेंजच्या बाहेर गेलं, पातळ करून परत लावावं लागलं. कंपोस्टने दोन कामं केली होती, जीवाणूंना खायला दिलं आणि वर फॉस्फेट दिलं, आणि फॉस्फेट तर गंजावरच्या आर्सेनिकच्या जागा पटकावतं, खुर्ची ओढून घेतल्यासारखं. झाडं लावायची म्हणून चांगल्या मनाने घातलेलं खत! मी साहेबांना जाऊन सांगितलं की पार्टीला कळवूया. साहेब म्हणाले, "रिपोर्ट गेला ना? त्यांनी टीसीएलपी मागितली होती, आपण टीसीएलपी दिली, विषय संपला." चूक तर नव्हतेच म्हणत ते. मागितलेली टेस्ट बरोबरच झाली होती.

म्हणून कट्ट्यावरच्या काकांना सांगायचंय की पास म्हणजे कशात पास ते बघा. ती टेस्ट अमेरिकेत बनली ती कारखान्याचा कचरा शहरी कचऱ्याच्या डेपोत टाकला तर त्यातून काय काय सुटेल हे बघायला, म्हणून ॲसिड आहे. आर्सेनिक ॲसिडमध्ये उलट गंजाला धरून राहतं. सुटायला त्याला हवं चुन्याचं पाणी, नाहीतर बिनहवेचा ओला काळोख आणि भरपूर वेळ, आणि आपण त्याला देतो मोकळ्या हवेत बनवलेलं ॲसिड आणि अठरा तास. म्हणजे माशाची परीक्षा झाडावर चढायची. कचऱ्याच्या डेपोतल्या परिस्थितीत ही टेस्ट आर्सेनिक कमी दाखवते हे 2004 मध्येच संशोधकांनी छापून दिलंय. आणि मर्यादा बघा, लिटरला 5 मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम, पाचशे पट. हिशेब असा की ढिगाऱ्यातून निघालेलं पाणी विहिरीपर्यंत पोचेस्तोवर पातळ होईल. कर्नाटकातल्या यादगीरसारख्या कोरड्या भागात पातळ करायला पाणी आहे कुठे.

त्यातून आपल्याकडे आणखी एक मजा आहे. धोकादायक कचऱ्याचे 2016 चे जे नियम आहेत त्यात फ्लाय ॲश, रेड मड, जॅरोसाइट, स्लॅग अशा कारखान्यांच्या टाकाऊ मालासोबत खाणीचे टेलिंग्जही यादीतून वगळलेत, कारण काय तर प्रमाण जास्त, परिणाम कमी. म्हणजे आमच्या लॅबचा मूठभर गाळ ड्रममध्ये, लेबल लावून, फॉर्म भरून, प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या खड्ड्यात जाणार, आणि त्याच गाळाचा डोंगर उघड्यावर, बाजूला पोरं क्रिकेट खेळणार. वेगळ्या गाइडलाइन काढायच्या असं त्याच नियमात लिहिलंय, ठीक आहे, पण "परिणाम कमी" हे सगळ्या खाणींना सरसकट कुणी ठरवलं? लोखंडाच्या खाणीचा गाळ आणि आर्सेनोपायराइटवाल्या सोन्याच्या खाणीचा गाळ एकाच शब्दात बसवला. मराठीत आपण नियमाला हरताळ फासला म्हणतो. हरताळ म्हणजे मुळात आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज, जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरं झाकायला फासायचे. इथे शब्दशः तेच झालंय!

बरं, हरताळाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणी म्हणेल बाई नुसती घाबरवतेय. बिनहवेच्या चिखलात गंधक भरपूर असेल तर आर्सेनिक त्याच्याशी जोडी करून पुन्हा पिवळं खनिज होऊन खाली बसूही शकतं. म्हणजे काळा चिखल वाईटच असं नाही. ताजा गाळ, ज्यातलं खनिज अजून गंजलेलंच नाही, तो पाण्याखाली बुडवून ठेवणं हा चांगला उपाय, हवाच लागत नाही तर गंजणार कसा. पण तोच उपाय शंभर वर्षं गंजलेल्या ढिगाऱ्याला केला तर गंज विरघळून सगळं बाहेर. औषध एकच, एकाला तारतं आणि दुसऱ्याला मारतं, आणि कुठला ढिगारा कुठला ते आत पाइप घालून वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा काढून नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ढिगारा सुकतो, आतलं पाणी वर खेचलं जातं, वर पांढरे-पिवळसर क्षार फुटतात, ते वाऱ्याने उडतात, मृगाच्या पहिल्या सरीत झटक्यात विरघळून ओढ्याला लागतात, आणि श्रावणापर्यंत ढिगाऱ्याचा तळ भिजून बिनहवेचा होतो. जानेवारीत एक सॅम्पल घेऊन वर्षाचा दाखला देणं म्हणजे थंडीत बघून गटार तुंबत नाही म्हणण्यासारखं आहे, ठाणेकरांना सांगायला नको.

कॅनडात यलोनाइफ गावाजवळ जायंट नावाची खाण होती, 1948 ते 2004. तिथे सोनं मोकळं करायला आर्सेनोपायराइट भाजायचे, त्याचा धूर पकडला की पांढरी पूड मिळते, म्हणजे आपला सोमल, जुन्या गोष्टींमध्ये राजाच्या दुधात घालतात तो. हा सोमल त्यांनी जमिनीखालच्या पोकळ्यांमध्ये भरला, म्हणे इथली जमीन कायम गोठलेली, बाहेर कसा येणार. 2,37,000 टन आहे. लिटरभर पाण्यात हा सुमारे 20 ग्रॅम विरघळतो, त्यातलं आर्सेनिक सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या पंधरा लाख पट. खोदकामाने आजूबाजूची जमीन वितळायला लागली, आणि आता त्या सगळ्याभोवती नळ्या घालून जमीन कृत्रिमपणे गोठवून ठेवायचं चाललंय. किती वर्षं तर कायम. आपल्या घरातला फ्रीज दहा वर्षं टिकला तर आपण कौतुक करतो. सोन्याची खाण चालली छप्पन वर्षं आणि राखण करायची अनंत काळ.

आपल्या जवळचं उदाहरण यादगीर जिल्ह्यातलं आहे. तिथे मंगळूर म्हणून गाव आहे, समुद्रकाठचं नव्हे, आणि त्या पट्ट्यात जुनी सोन्याची खाण होती. जवळच्या किरदळ्ळी तांड्यावर लोकांच्या अंगावर चट्टे, तळहाता-तळपायांवर टणक दाणे, आणि बोअरच्या पाण्यात आर्सेनिक. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ते छापलं. तिथल्या पाण्यात किती वाटा खाणीचा आणि किती मूळ खडकाचा हे वेगळं काढणं सोपं नाही, तिथल्या खडकातच सोन्याच्या सोबतीला आर्सेनिक आहे. पण पिणाऱ्याला त्याने काय फरक पडतो. आणि आपल्याशी काय संबंध असं वाटत असेल तर सकाळी कुठल्याही मजूर नाक्यावर उभं राहा, यादगीर, गुलबर्गा, रायचूरकडची किती माणसं आहेत बघा, ठाणे-नवी मुंबईतले निम्मे टॉवर त्यांच्या हातांनी उभे राहिलेत असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू होतं तेव्हा एका बाईने पाण्याची बाटली भरून मागितली, हात पुढे केला तर तळहातावर ज्वारीच्या दाण्यांएवढे टणक टणक. मी विचारलं गाव कुठलं, म्हणाली यादगीरकडे. सिमेंटनेही हात खडबडीत होतात, मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढे काही बोलले नाही. फक्त पाणी कुठलं पिता एवढं विचारलं, म्हणाली इथे नळाचं, गावाला बोअरचं.

एक मात्र गंमत सांगायची राहिली. पावसाळ्यात नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, चुन्याच्या फटीतून लांब लांब पानांचं एक नेचं उगवतं, टेरिस व्हिटाटा नाव. हे जमिनीतून आर्सेनिक शोषून पानांत साठवतं, 2001 मध्ये अमेरिकेत हे लक्षात आलं. लोक लगेच म्हणतात मग लावा की ढिगाऱ्यावर. लावा, पण ती पानं कापून परत कुठेतरी ठेवावीच लागणार ना, आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते सडत नाही, जळून नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. शिवाय नेच्याची मुळं वरच्या थरापुरती आणि ढिगारा काही मजले उंच.

संपादक साहेब, तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी कुणी "गाळ तपासला, सुरक्षित आहे" म्हणालं तर विचारायचं, कुठली टेस्ट, कुठल्या महिन्यातलं सॅम्पल, किती खोलीवरचं, आणि पाणी हवा न लागू देता काढलं होतं का. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर तीच बातमी.

कट्ट्यावर सगळं सांगून झाल्यावर काकांनी विचारलं, त्या काळ्या बाटलीचं पुढे काय झालं. लॅबच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये गेली, ड्रम महिन्याच्या गाडीत गेला. लेबल मीच चिकटवलं होतं. त्यावर आर्सेनिकचा आकडा लिहायचा असतो, तो मी रिपोर्टातला लिहिला, पास झालेला.

आपली,
एक निवृत्त लॅब केमिस्ट,
ऐरोली, नवी मुंबई